लवू धुरीची सही

मुलुंड पूर्वेच्या सातेरी सोसायटीत कुणी कलिंगड आणलं तरी ते आधी दुसऱ्या मजल्यावर लवू धुरीच्या दारात जायचं. लवूने टिचकी मारून मान डोलावली तरच सुरी लागायची, नाहीतर कलिंगड तसंच परत बाजारात. प्रेशर कुकर, इस्त्री, शाळेचं दप्तर, सगळ्याचं तेच. एकदा तर तळमजल्यावरचा दादू नाईक मुलीला सांगून आलेल्या मुलाचा फोटोच घेऊन आला. लवूने तो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाला, "दादू, मी पंप तपासतो रे, नवरे नाही." तरी दादू हलेना. मान डोलते की काय, म्हणून चहा संपेपर्यंत बघत बसला.

लवू विक्रोळीच्या एका पंपांच्या कारखान्यात तपासणी खात्यात होता. बावीस वर्षं. भोक केसभर मोठं निघालं की तुकडा बाजूला, मग फोरमन हात जोडो की युनियनवाले डोळे वटारोत. साहेब म्हणायचे, "धुरी, एवढ्यातेवढ्याने काय होतंय? डेव्हिएशनवर सोडून द्या की." डेव्हिएशन म्हणजे माल चुकलेला आहे हे ठाऊक असून सही ठोकायची आणि पुढे ढकलायचा. बावीस वर्षांत लवूने एकदाही डेव्हिएशन दिलं नव्हतं, आणि हे तो कुणी न विचारता सांगायचा. लग्नात सांगायचा, बारशात सांगायचा, एकदा तर कुणाच्या दहाव्याला गेला आणि तिथेही सांगून आला.

हा ताठा बापाकडून आलेला. लवूचे वडील भाऊराव परळच्या गिरणीत तीस वर्षं मागावर होते. तिथे कापड तपासायला एक बाबू बसायचा. तोंडात पान, शेजारच्याशी गप्पा, आणि ताग्याकडे न बघताच 'खराब' असा शिक्का. चांगल्या विणलेल्या कापडावर असा शिक्का बसला की भाऊरावांना दोन-दोन दिवस जेवण जायचं नाही. "माणसान बघल्याशिवाय सही करू नये रे झिला," हे लवूने लहानपणी इतक्या वेळा ऐकलं होतं की पाढ्यांच्या आधी तेच पाठ झालं. पुढे लवू तपासणी खात्यात लागला, तेव्हा म्हाताऱ्याने अख्ख्या चाळीत साखर वाटली. आता शिक्का आपल्या झिलाच्या हातात, म्हणजे जगातला एक तरी शिक्का खरा!

तर अशा या लवूने अठ्ठ्याहत्तर साली मोटारीला नंबर लावला आणि पंच्याऐंशी साली ती आली. सात वर्षं. त्या काळी गाडीला नंबर लावून माणसं चष्म्याला यायची, त्यातलाच हा प्रकार. गाडीचं नाव मैना डिलक्स. रंग पिस्त्याचा. कंपनी कुठली ते विचारू नका, आता तिचं नाव घेऊन काय उपयोग?

ताबा घ्यायला लवू आणि त्याची बायको प्रेमा असे दोघंच गेले. भाऊराव घरी नारळ घेऊन वाट बघत बसले. शोरूममध्ये मैना हार घालून उभी होती. प्रेमाने कुंकू लावलं. शोरूमवाल्याने पेढा दिला, फोटोग्राफर "साहेब, जरा हसा" म्हणाला. गिरणीतल्या कामगाराचा मुलगा, आणि दारात मोटार! लवूच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी भरल्या डोळ्यांनी कुठली आली तपासणी? शोरूमच्या बाबूने कागद पुढे केला. त्यावर छापलेलं होतं: 'गाडी तपासून, समाधानाने ताब्यात घेतली.' केसभर भोकासाठी फोरमनला रडवणाऱ्या लवू धुरीने खाली झोकात सही केली. बॉनेट उघडलं नाही, दार लावून पाहिलं नाही, गाडीभोवती साधी एक चक्कर मारली नाही. वर बाबूला ऐटीत सांगितलं, "आम्ही तपासणी खात्यातलेच आहोत बरं का!"

घाटकोपर येईस्तोवर काच खालीवर करायचा दांडा प्रेमाच्या हातात आला. "अहो, हे निघालं." लवू म्हणाला, "पिशवीत ठेव." भांडुपला समोरचा कप्पा आपणहून उघडला आणि पेढ्यांचा पुडा तिच्या मांडीवर पडला. मुलुंडच्या वळणावर लवू डावीकडे वळला, तर हॉर्न वाजायला लागला आणि चाकं सरळ होईपर्यंत थांबेना. सोसायटीला वाटलं, धुरी आनंदाने वाजवतायत. सगळे गॅलरीत आले. दादू नाईक पहिला धावला, बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "झकास! एकदम झकास!" आणि प्रेमा उतरल्यावर डावं दार जे बंद व्हायचं राहिलं, ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी लवू शोरूममध्ये भांडायला गेला. बाबूने शांतपणे कागद काढून सहीवर बोट ठेवलं. "तुम्ही तर तपासणी खात्यातले ना, साहेब?" लवूला तोंडात मारल्यासारखं झालं. तो तसाच घरी आला, दार लावलं आणि प्रेमाला म्हणाला, "हे कुणाला कळता कामा नये. बाबांना तर नाहीच नाही." प्रेमा म्हणाली, "मी कशाला सांगू? गाडीच सांगेल की!"

मग सुरू झाला मैनेबरोबरचा संसार. डाव्या दाराला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला, बसणाऱ्याने तो मुठीत घट्ट धरून बसायचं. कप्प्याला पुठ्ठ्याची घडी. डिकी बाहेरून उघडायची नाही, म्हणून भाजी मागच्या सीटवर चढून आत टाकायची. गाडी धुतली की पाणी आत, आणि आत आलेलं पाणी बाहेर जायला मात्र कुठेच जागा नाही, त्या बाबतीत काम पक्कं. सगळ्यांत कहर पुढच्या सीटचा. चढ आला की ती रुळांवरून घरंगळत मागे जायची. पवईच्या चढावर प्रेमा नवऱ्याशी बोलत असायची आणि वाक्य पुरं होण्याआधी मागे पोचायची. लवू शेजारी बघतो तर बायको नाही! "मी इथं आहे," मागून आवाज यायचा, "तुम्ही पुढे बघा." लवूने सीटखाली विटेचा तुकडा बसवला. रोज रात्री जेवताना प्रेमा विचारायची, "काय हो, आज किती डेव्हिएशन दिलीत?" आणि बावीस वर्षांचा खडूस इन्स्पेक्टर खाली मान घालून आमटी भुरकायचा.

सोसायटीला गाडीच्या खोडी दिसत नव्हत्या असं नाही. पण त्यावर भाऊरावांनी आपला निकाल आधीच लावून टाकला होता. म्हाताऱ्याला मैना भारी आवडायची. दुपारी ते तिच्यात जाऊन पेपर वाचत बसायचे, त्यामुळे तिचं सगळं दुखणंखुपणं त्यांना पाठ. पण त्यांचा हिशेब सरळ होता. गाडी लवूने तपासून घेतली, म्हणजे आली तेव्हा ती धडधाकटच होती. मग बिघडली कशी? नजर लागली. कोणाची? ज्याने पहिल्या दिवशी थाप मारून 'झकास' म्हटलं त्याची. झालं! चाळीस वर्षांची ओळख, एकाच गावचे, पण म्हाताऱ्याने दादूकडचा चहा सोडला. दादू बिचारा लिंबू-मिरची घेऊन वर आला, तर भाऊरावांनी दाराची कडी काढली नाही. लवूला हे दिसत होतं. उद्या सांगू, परवा सांगू, म्हणून तो गप्प बसला. एका सहीपायी निरपराध माणसाला बदनाम होऊ देणं शोभत होतं का त्याला? नव्हतंच. पण खरं सांगायचं म्हणजे बापाच्या तोंडासमोर उभं राहून 'मीही त्या पानवाल्या बाबूसारखाच' असं म्हणायचं. तेवढी छाती त्याला झाली नाही.

आठ महिन्यांनी सुटकेची वाट आपणहून चालत आली. श्यामकांत प्रभू, लवूचा रात्रशाळेतला दोस्त, आता पार्ल्याला मास्तर. त्याची बायको मालन गुडघ्यांनी बेजार झाली होती. तिची आई मानखुर्दला अंथरुणाला खिळलेली, आणि स्टेशनचे जिने मालनला चढवत नव्हते. श्यामकांत म्हणाला, "लवू, तू कंपनीच्या बसने जातोस, तुझी गाडी उभीच असते. मला दे ना यार! नवीला नंबर लावला तर मालनला सात वर्षं थांबावं लागेल. आणि बाहेरची जुनी घ्यायची मला भीती वाटते. तू तपासलेली असली की मी डोळे मिटून घेईन."

लवूने नाही म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण डोळ्यांपुढे आलं ते सोसायटीचं रिकामं आवार. गाडी गेली की खोडी गेल्या, विषय संपला, सही कायमची झाकली. "बघ बाबा," तो म्हणाला, "मैत्रीत नाही कसं म्हणू?"

पुढल्या रविवारी श्यामकांत एक फेरी मारून बघायला आला. लवूने आदल्या संध्याकाळी विटेचा तुकडा ठोकून ठोकून बसवला, डाव्या दाराला तेल पाजून ते एका फेरीपुरतं लागेल असं केलं, आणि रस्ता असा निवडला की चढ नको आणि डावं वळण तर नकोच नको. फाटकातून उजवीकडे, मग उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि परत उजवीकडे. चारही वेळा समोरच्या रिक्षावाल्यांनी आईबहिणीवरून आशीर्वाद दिले. श्यामकांत खूश. "काय आवाज नाही रे गाडीचा!" लवू हसला, पण त्या दिवशी त्याला दुपारचा बांगडा गोड लागला नाही. प्रेमाने ताट उचलताना एवढंच विचारलं, "मालन कुठल्या दाराशी बसणार?" डाव्या दाराशीच बसणार होती, दुसरीकडे कुठे? हायवेवर, आणि ट्यूबचा तुकडा धरायचा असतो हे तिला कोण सांगणार होतं?

गाडी न्यायचा दिवस ठरला. श्यामकांत आणि मालन सकाळी आले. मालन नवं लुगडं नेसली होती, हातात आईसाठी शिऱ्याचा डबा. लवू किल्ली देऊन मोकळा होणार, एवढ्यात भाऊराव काळी टोपी घालून, नारळ घेऊन जिना उतरले.

"गाऱ्हाणा घालूक नको?" म्हातारा म्हणाला. "घरातली वस्तू दुसऱ्याच्या दारात जाता, आणि देवाक सांगूचा नाय?"

कोकणातलं गाऱ्हाणं ज्याने ऐकलंय त्याला सांगायला नको. एक जाणता माणूस देवासमोर उभा राहून जे असेल ते मोठ्याने सांगतो, आणि बाकीचे दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून आपली साक्ष घालतात. तिथे लपवाछपवी चालत नाही. सातेरी सोसायटीतली निम्मी बिऱ्हाडं तळकोकणची. टोपी बघूनच माणसं जमली. दादू नाईक मागे, पाण्याच्या टाकीजवळ, अंग चोरून उभा राहिला. भाऊरावांनी मैनेच्या पुढ्यात उभं राहून डोळे मिटले. नारळ लवूच्या हातात.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या गाडयेचो धनी बदलता. ती आमच्या घरातसून मास्तरांच्या घरात जाता, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिचो डावो दरवाजो लागना नाय, तो मास्तरणीच्या हातान लागांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आवार दुमदुमलं. श्यामकांतही ओघात म्हणून गेला, आणि मग त्याने दाराकडे वळून पाहिलं.

"चढ इलो काय पुढची सीट मागे धावता, ती जाग्यार रवांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"डाव्या हाताक वळला काय हॉर्न बोंबलता, तेका गप कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरंटोरं हसू दाबत ओरडली. म्हातारा कप्प्यावर आला, डिकीवर आला, पाण्यावर आला. एक खोड सोडली नाही. प्रेमाने पदराचा बोळा तोंडात धरला होता, आणि ती हसत होती की रडत होती ते तिलाच ठाऊक. लवूला वाटलं, चला, बापानेच वाट लावली, आता मास्तर आपणहून नको म्हणेल आणि मी सुटेन. पण श्यामकांत वाकून त्याच्या कानाशी कुजबुजला, "असं व्हायचंच रे गाडीचं. तू बघून घेतलेली आहे ना, मग मला फिकीर नाही." आणि शेजारी मालनने मान डोलावली.

भाऊरावांचा आवाज चढला. "ह्या सगळा नजरेन झाला, म्हाराजा! ज्या कोणाची नजर लागली आसात, तेचा तेका परत जावंदे!"

"व्हय म्हाराजा..." या वेळी आवाज जरा कमी आले. चार जणांनी मागे टाकीकडे बघितलं. दादूने खाली मान घातली.

"कारण माझ्या झिलान ही गाडी आपल्या डोळ्यांनी बघून, तपासून घेतल्यान. न बघता तेना जल्मात सही करूक नाय. तेच्या सहीची लाज राख, म्हाराजा!"

"नाय म्हाराजा."

गाऱ्हाण्यात 'नाय' म्हणतात हे कुणी कधी ऐकलंच नव्हतं. कोण बोललं म्हणून माणसं एकमेकांकडे बघायला लागली. भाऊरावांनी डोळे उघडले. लवू नारळ छातीशी धरून एक पाऊल पुढे आला. एवढी वर्षं मुंबईत काढली, पण त्या घटकेला तोंडून आली ती घरचीच भाषा.

"नाय म्हाराजा. मी बघूक नाय. हार बघलंय, पेढो खाल्लंय, आणि न बघता सही केलंय. गाडी इली तीच अशी इली. दादूची नजर नाय, कोणाची नजर नाय." मग तो श्यामकांतकडे वळला. "ही मालनला नको देऊस रे. दार उघडतं तिचं चालत्या गाडीत. माहीत असून मी तुला देत होतो."

मालनने शिऱ्याचा डबा या हातातून त्या हातात घेतला. भाऊराव मुलाकडे बघत राहिले. म्हातारा आता काय करणार, टोपी काढून जिना चढणार की सगळ्यांदेखत मुस्काटात मारणार, हे प्रेमालाही सांगता आलं नसतं. लवू तर खालीच बघत होता. त्याला मार चालला असता. वडील काही न बोलता वर निघून गेले असते, तर ते त्याला सोसलं नसतं.

भाऊरावांनी टोपी सारखी केली आणि पुन्हा हात जोडले. आवाज फाटला होता, पण गाऱ्हाणं अर्धं टाकायचं नसतं.

"बा देवा म्हाराजा! माझ्या झिलान न बघता सही केल्यान. सात वर्सां वाट बघल्यान आणि ऐन टायमाक गाडी बघूक इसारलो. माणूस आसा, म्हाराजा. तेची चूक पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!" प्रेमा सगळ्यांच्या आधी म्हणाली.

"दादू नायकाची नजर लागली असा मी बोललंय. मीय न बघताच शिक्को मारलंय, म्हाराजा! ता माका माफ कर!"

"व्हय म्हाराजा!" टाकीजवळून दादू असा काही गरजला की वरच्या मजल्यावरचं तान्हं पोर रडायला लागलं आणि सगळं आवार हसलं. भाऊराव हसले नाहीत. त्यांचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी लवूच्या दंडावर हात ठेवला आणि हळू, जवळजवळ एकट्या देवालाच ऐकू जावं असं म्हणाले,

"आज तेना बघल्यान, आणि बघला ता सगळ्यांसमोर सांगल्यान. आता ह्येच्यार माझी सही आसा, म्हाराजा."

मग श्यामकांत मास्तर, ज्याची त्या दिवशी गाडी गेली होती आणि ज्याला मालवणी नीट बोलताही येत नव्हतं, तो "व्हय म्हाराजा" म्हणाला आणि त्याच्यामागून सगळे म्हणाले. लवू नारळ फोडायचा विसरून, चाळिशी उलटलेला बाप्या, बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून पोरासारखा रडला.